दिलेली माहिती पुरेशी आहे काय?
पदव्युत्तर प्रवेश परीक्षांतील एका प्रश्नप्रकाराचा अभ्यास

दूधगंगेच्या खोऱ्यातील बोरगाव, सदलगा, कारदगा, बेडकिहाळ या परिसरात पदवीपर्यंत शिक्षण घेणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या गेल्या दोन पिढ्यांत लक्षणीय वाढली आहे. कोणी निपाणीच्या महाविद्यालयात शिकतो, कोणी निपाणीला खेटून असलेल्या परंतु राज्याच्या सीमेपलीकडे कागल तालुक्यात मोडणाऱ्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात जातो, तर कोणी चिकोडी, बेळगाव अथवा कोल्हापूर गाठतो. पदवी हाती आल्यानंतर यांपैकी काहीजण व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळतात, काहीजण बँका व शासकीय सेवांच्या स्पर्धा परीक्षांना बसतात. या सर्व परीक्षांच्या वाटेवर एक प्रश्नप्रकार उभा असतो. त्याचे गणित दहावीच्या पलीकडचे नसते, आणि तरीही दहावीच्या गणितात ज्यांना उत्तम गुण मिळाले होते असे विद्यार्थी तेथे अडखळतात. या प्रकारास इंग्रजीत डेटा सफिशियन्सी म्हणतात. आपण त्यास माहितीची पर्याप्तता म्हणू.

व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी जगभर घेतल्या जाणाऱ्या जीमॅट या परीक्षेमुळे हा प्रकार विशेष प्रसिद्धीस आला. ही परीक्षा अमेरिकेत १९५४ साली सुरू झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे स्वरूप बदलले. पूर्वी गणिताच्या विभागात असणारे पर्याप्ततेचे प्रश्न आता डेटा इनसाइट्स नावाच्या विभागात येतात. या विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नास सरासरी सव्वादोन मिनिटे. आपल्याकडील भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या कॅट या परीक्षेतही असे प्रश्न अधूनमधून येतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून पूर्वपरीक्षेत जी अभिक्षमता चाचणी आणली, तिच्या अभ्यासक्रमात तर या प्रकाराचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा ज्यास परदेशी जावयाचे नाही, त्यानेही हा पाठ वाचावयास हरकत नाही.

प्रश्नाची रचना अशी असते. प्रथम एक प्रश्न दिलेला असतो. त्याखाली दोन विधाने असतात. परीक्षार्थीने प्रश्नाचे उत्तर काढावयाचे नसते. ते उत्तर काढण्यास दिलेली माहिती पुरते की नाही, एवढेच सांगावयाचे असते. पर्याय पाच असून ते सर्व प्रश्नांना तेच असतात. पहिले विधान एकटे पुरेसे असून दुसरे एकटे पुरेसे नसेल तर उत्तर ‘अ’. याच्या उलट, दुसरे एकटे पुरेसे व पहिले नाही, तर ‘आ’. दोहोंपैकी एकही एकट्याने पुरत नाही परंतु दोन्ही मिळून पुरतात, तर ‘इ’. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे असेल तर ‘ई’. आणि दोन्ही एकत्र घेऊनही उत्तर निघत नसेल तर ‘उ’. हे पाच पर्याय परीक्षेपूर्वी तोंडपाठ असावेत, कारण परीक्षागृहात ते पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ जातो.

आता एक सोपे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने ८० गुंठे जमिनीत ऊस व तंबाखू ही दोनच पिके घेतली आहेत. उसाखाली किती गुंठे आहेत? पहिले विधान: उसाचे क्षेत्र तंबाखूच्या क्षेत्राच्या तिप्पट आहे. दुसरे विधान: उसाचे क्षेत्र तंबाखूच्या क्षेत्रापेक्षा ४० गुंठ्यांनी अधिक आहे.

पहिल्या विधानावरून जमिनीचे चार समान भाग होतात, त्यांपैकी तीन उसाचे. उत्तर ६० गुंठे. हे विधान पुरेसे आहे. आता ते पूर्णपणे विसरून दुसरे विधान घ्यावे. बेरीज ८० आणि वजाबाकी ४०, म्हणून मोठी संख्या ६०. हेही पुरेसे आहे. म्हणून उत्तर ‘ई’. येथे एक उपयुक्त गोष्ट ध्यानात येते. दोन्ही विधाने एकाच वस्तुस्थितीविषयी असल्यामुळे ती परस्परांविरुद्ध कधीच जात नाहीत. एका विधानातून ६० आणि दुसऱ्यातून ५५ असे उत्तर निघाले, तर चूक आपल्या आकडेमोडीत आहे असे खुशाल समजावे.

बहुसंख्य विद्यार्थी या उदाहरणात ‘इ’ हे उत्तर देतात. असे का व्हावे? कारण शाळेपासून आपणास एक सवय लागलेली असते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात जेवढी माहिती हवी तेवढीच दिलेली असते, एक आकडा कमी नाही व एक जास्त नाही. त्यामुळे दिलेले सर्व आकडे वापरल्याशिवाय उदाहरण सुटले असे विद्यार्थ्यास वाटत नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना एक प्रश्न विचारला होता: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुतेक मुलांनी २६ व १० यांची बेरीज करून ३६ हे उत्तर दिले. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. प्रश्न विचारला गेला म्हणजे उत्तर असलेच पाहिजे, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघाले पाहिजे, ही शाळेची शिकवण त्यांनी इमानाने पाळली होती. आपल्या शिक्षकबंधू-भगिनींनी आपल्या वर्गात हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. जहाजाऐवजी मेंढपाळाचा तळ घ्यावा.

म्हणून या प्रश्नप्रकाराची पहिली शिस्त अशी की, प्रथम दुसरे विधान हाताने झाकावे व फक्त पहिल्याचा विचार करावा. ते पुरेसे असेल तर उत्तर ‘अ’ किंवा ‘ई’ यांपैकीच असणार, पुरेसे नसेल तर ‘आ’, ‘इ’ किंवा ‘उ’ यांपैकी. नंतर पहिले झाकून दुसरे पाहावे. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच ती एकत्र आणावीत, त्यापूर्वी नाही. संगणकावर हात झाकता येत नाही, म्हणून कच्च्या कामाच्या पाटीवर दोन रकाने आखून एका रकान्यात दुसऱ्याची माहिती जाऊ न देणे हाच उपाय. पहिल्या विधानातील आकडा नकळत दुसऱ्यात शिरतो, आणि मग न पुरणारे विधान पुरेसे वाटू लागते. ही चूक गणिताच्या अज्ञानातून होत नाही, चांगल्या स्मरणशक्तीतून होते!

दुसरी शिस्त अशी की, एखादे विधान अपुरे आहे असे म्हणावयाचे असेल तर ते सिद्ध करावे. ‘मला उत्तर काढता येत नाही’ आणि ‘उत्तर निघू शकत नाही’ या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. अपुरेपणा सिद्ध करण्याचा मार्ग एकच: त्या विधानात चपखल बसणाऱ्या दोन निरनिराळ्या परिस्थिती शोधावयाच्या, ज्यांत प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी येतात. अशा दोन परिस्थिती सापडल्या की विषय संपला.

येथपर्यंत आल्यावर विद्यार्थ्यास एक सोपा नियम सुचतो. अज्ञात संख्या जितक्या, तितकी समीकरणे असली की पुरे, त्याहून कमी असली की अपुरे. अनेक मार्गदर्शन वर्गांत हा नियम शिकविलाही जातो. तो दोन्ही बाजूंनी फसवा आहे, आणि परीक्षकांना तो आपणास ठाऊक असतो हे ठाऊक असते.

प्रथम समीकरणे पुरेशी दिसूनही उत्तर न निघण्याचा प्रकार पाहू. एका वहीची किंमत किती? पहिले विधान: ३ वह्या व २ पेने मिळून १३० रुपये होतात. दुसरे विधान: ६ वह्या व ४ पेने मिळून २६० रुपये होतात. अज्ञात दोन, समीकरणे दोन, म्हणून घाईने ‘इ’ ही खूण केली जाते. पण दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे, नवी माहिती त्यात काहीच नाही. वही ३० रुपये व पेन २० रुपये ही किंमत दोन्हींत बसते, तशीच वही ४० रुपये व पेन ५ रुपये ही किंमतही बसते. उत्तर ‘उ’. सरकारी कचेरीत एकच प्रमाणपत्र दोन प्रतींत जोडून दोन पुरावे दिले असे म्हणण्यासारखाच हा प्रकार होय.

आता उलट प्रकार, म्हणजे समीकरण एकच असून उत्तर निघण्याचा. एका शाळेने आंब्याची व नारळाची अशी दोन्ही प्रकारची रोपे खरेदी केली. आंब्याचे रोप ७० रुपयांस व नारळाचे ११० रुपयांस पडले. आंब्याची रोपे किती घेतली? पहिले विधान: एकूण खर्च ८३० रुपये झाला. दुसरे विधान: एकूण रोपे ९ होती.

दुसरे विधान अपुरे आहे हे उघड आहे, एक व आठ होतील किंवा दोन व सात होतील. पहिल्या विधानातही दोन अज्ञात व एकच समीकरण आहे. परंतु रोपे साडेतीन घेता येत नाहीत, ती पूर्ण संख्येतच असणार. म्हणून नारळाची रोपे एक, दोन, तीन अशी धरून उरलेल्या रकमेस ७० ने भाग जातो काय, ते पाहावे. नारळाची रोपे सातापेक्षा अधिक असूच शकत नाहीत, कारण आठांचे ८८० रुपये होतात. एक ते सात यांत फक्त पाच ही संख्या चालते: ५५० रुपये नारळाचे, उरले २८०, त्यांत आंब्याची ४ रोपे. दुसरी शक्यताच नाही. म्हणून पहिले विधान एकटेच पुरेसे आहे व उत्तर ‘अ’.

हाच खर्च १,६०० रुपये असता तर? तेव्हा आंब्याची १५ व नारळाची ५ ही खरेदीही बसते, आणि आंब्याची ४ व नारळाची १२ हीही बसते. आता विधान अपुरे झाले, आणि एकूण रोपांची संख्या सांगणाऱ्या दुसऱ्या विधानाची गरज निर्माण झाली. म्हणजे केवळ प्रश्नाचा साचा पाहून उत्तर देता येत नाही. येथे थोडीशी आकडेमोड करावीच लागते. ‘या प्रकारात आकडेमोड करावी लागत नाही’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते निदान अशा ठिकाणी तरी खरे नाही.

पूर्ण संख्यांच्या या विचारास आपल्या देशात फार जुनी परंपरा आहे. इसवी सन ४९९ मधील आर्यभटाच्या ग्रंथात अशा समीकरणांची रीत आलेली आहे, तीस पुढे कुट्टक असे नाव मिळाले. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळी महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. फळांच्या राशी, वाटणी, उरलेली बाकी यांवरची अशी उदाहरणे त्यात आहेत. राष्ट्रकूटांचे राज्य कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांवर होते, तेव्हा सीमाभागातील वाचकाला या पंडिताविषयी दोन्ही बाजूंनी आपुलकी वाटावी.

परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण भास्कराचार्यांचे आहे. इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याच्या ‘बीजगणित’ या भागात चार व्यापाऱ्यांचे उदाहरण आहे. पहिल्याजवळ ५ घोडे, २ उंट, ८ खेचरे व ७ बैल आहेत. दुसऱ्याजवळ ३ घोडे, ७ उंट, २ खेचरे व १ बैल. तिसऱ्याजवळ ६ घोडे, ४ उंट, १ खेचर व २ बैल. चौथ्याजवळ ८ घोडे, १ उंट, ३ खेचरे व १ बैल. चौघांचीही संपत्ती सारखी आहे, तर प्रत्येक जनावराची किंमत सांगा.

अज्ञात चार, आणि संपत्ती समान असल्यामुळे मिळणारी समीकरणे तीन. किंमत निश्चित करण्यास माहिती अपुरी आहे, आणि भास्कराचार्यांना ते पूर्ण ठाऊक होते. त्यांनी जे उत्तर दिले त्यात घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ व बैल ४ अशा किमती येतात, आणि याच किमती दुप्पट, तिप्पट केल्या तरी अटी पाळल्या जातात. वाचकांनी पडताळा घ्यावा. पहिल्याची संपत्ती ४२५ अधिक १५२ अधिक २४८ अधिक २८, म्हणजे ८५३. उरलेल्या तिघांचीही तेवढीच येते.

आता हेच उदाहरण आजच्या परीक्षेत घालावयाचे म्हटले तर काय होईल? ‘घोड्याची किंमत किती?’ असा प्रश्न असेल तर ही सर्व माहिती अपुरी. ‘एका घोड्याच्या किमतीत किती बैल येतील?’ असा प्रश्न असेल तर तीच माहिती पुरेशी, कारण ८५ व ४ हे गुणोत्तर किमती कितीही पट केल्या तरी बदलत नाही. माहिती तीच, प्रश्न बदलला, आणि पर्याप्ततेचा निवाडा उलटला. माहिती पुरेशी आहे की नाही हे एकट्या माहितीवरून ठरत नाही, विचारले काय आहे त्यावरून ठरते. म्हणून प्रश्नाचे वाक्य दोनदा वाचावे, विधाने नंतर. प्रश्नात गुणोत्तर, टक्केवारी किंवा सरासरी वेग विचारला असेल, तर मूळ परिमाणे माहीत नसली तरी काम भागण्याचा संभव असतो.

निपाणी भागातील शेतकऱ्यास हा मुद्दा पटवून देण्यास तंबाखूइतके योग्य उदाहरण नाही. समजा, तंबाखू विकताना वजनात व दरात अशी दोन्हीकडे कपात झाली. प्रश्न असा: कपात नसती तर जी रक्कम मिळाली असती, तिच्या किती टक्के रक्कम शेतकऱ्याच्या हाती पडली? पहिले विधान: वजनात ५ टक्के व दरात १० टक्के कपात झाली. दुसरे विधान: माल ४०० किलो होता व हाती ३४,२०० रुपये पडले.

पहिल्या विधानात ना माल किती ते सांगितले आहे, ना दर. तरीही ते पुरेसे आहे, कारण शंभरापैकी ९५ वजन व शंभरापैकी ९० दर यांचा गुणाकार ८५.५ टक्के येतो, मग माल एक पोते असो की शंभर. दुसऱ्या विधानात प्रत्यक्ष किलो व प्रत्यक्ष रुपये आहेत, ते भरीव दिसते. परंतु मूळ ठरलेला दर त्यात नाही. तो १०० रुपये असेल तर हाती ८५.५ टक्के पडले, तो ९० रुपये असेल तर ९५ टक्के. विधान अपुरे. उत्तर ‘अ’. वाचकांच्या लक्षात येईल की, व्यापाऱ्याकडून मिळणाऱ्या चिठ्ठीवर केवळ वजन व रक्कम असेल तर शेतकऱ्याच्या हाती फक्त हे दुसरे विधान असते. आपले किती गेले, हे त्यावरून काढणे हुशार पदवीधरासही शक्य नाही. तंबाखूच्या भावाच्या प्रश्नावर १९८१ साली निपाणीजवळ महामार्गावर शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले व गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, हा इतिहास या भागात विसरला गेलेला नाही. त्या लढ्याची कारणे अनेक होती, त्यांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु पावतीवर मूळ दर, मूळ वजन व कपात हे तिन्ही आकडे असावेत असा आग्रह धरणारा शेतकरी पर्याप्ततेचेच गणित मांडत असतो.

आता होय किंवा नाही अशा उत्तरांच्या प्रश्नांकडे वळू. यांत विद्यार्थ्यांची फसगत निराळ्या रीतीने होते. एका सभेस उपस्थित असलेल्यांत स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या काय? पहिले विधान: स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा १२ ने अधिक होती. दुसरे विधान: उपस्थितांत पुरुष ६० टक्क्यांपेक्षा कमी होते. पहिल्या विधानावरून किती स्त्रिया आल्या हे कळत नाही, पण ते विचारलेलेच नाही. पुरुषांपेक्षा अधिक म्हणजे निम्म्याहून अधिक, उत्तर निश्चितपणे ‘होय’. विधान पुरेसे. दुसऱ्यात पुरुष ५५ टक्के असतील तर उत्तर ‘नाही’, ४० टक्के असतील तर ‘होय’. विधान अपुरे. म्हणून ‘अ’.

समजा, पहिल्या विधानाऐवजी ‘दर तीन पुरुषांमागे दोन स्त्रिया होत्या’ असे असते, तर प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे ‘नाही’ आले असते. आणि निश्चित ‘नाही’ हेही पुरेसेच होय. येथे पुष्कळ विद्यार्थी ‘नाही’ हा शब्द मनात येताच विधान अपुरे ठरवून टाकतात. नकार म्हणजे अपुरेपणा नव्हे. कधी होय व कधी नाही असे जेव्हा येते, तेव्हाच माहिती अपुरी असते.

अधिकारीवर्गासाठी एक उदाहरण घेऊ. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. एका गावात सरासरीने हे प्रमाण गाठले जाते काय? पहिले विधान: गावात दररोज २ लाख लिटर पाणी सोडले जाते. दुसरे विधान: गावाची लोकसंख्या ३,२०० आहे. एकेकटी दोन्ही विधाने अपुरी, एकत्र घेता दरडोई ६२.५ लिटर येतात, उत्तर ‘होय’. म्हणून ‘इ’. आता प्रश्नातील एकच शब्द बदला: त्या गावातील प्रत्येक घरास हे प्रमाण मिळते काय? तीच दोन विधाने आता एकत्र घेऊनही अपुरी आहेत. टाकीच्या पायथ्याशी असलेल्या गल्लीत शंभर लिटर जात असतील आणि वरच्या वस्तीत वीसही पोहोचत नसतील. सरासरीवरून प्रत्येकाविषयी काही म्हणता येत नाही. उत्तर ‘उ’. अहवालात पहिला प्रश्न सुटतो आणि अर्ज मात्र दुसऱ्या प्रश्नाविषयी आलेला असतो, असा अनुभव ग्रामपंचायतीच्या कामकाजात अपूर्व नाही.

सीमाभागातील विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. मराठी माध्यमातून शिकलेला, बाजारात कानडी बोलणारा विद्यार्थी ही परीक्षा इंग्रजीतून देतो. तेथे एका लहान शब्दाने घोटाळा होतो. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, हे ठाऊक असूनही घाईत त्यांची अदलाबदल होते. ‘किमान ५’ यात ५ ही संख्या येते, ‘५ पेक्षा अधिक’ यात ती येत नाही. ‘इंटिजर’ म्हणजे पूर्णांक, त्यात शून्य व ऋण संख्याही येतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की शून्य बाद झाले. माणसे, झाडे, जनावरे यांच्या संख्या बोलताना आपणास ऋण संख्येची आठवणही होत नाही, आणि ते योग्यच आहे. चौरस शेताचे क्षेत्रफळ ४९ चौरस मीटर असेल तर बाजू ७ मीटरच असणार. परंतु केवळ ‘एका संख्येचा वर्ग ४९ आहे’ असे म्हटले तर ती ७ असेल किंवा उणे ७ असेल, आणि विधान अपुरे ठरेल. शाब्दिक उदाहरणातील संख्या मनात ठेवून अशाब्दिक उदाहरण सोडविणारा येथे हमखास चुकतो.

आमच्या मते यावर उपाय इंग्रजी टाळण्याचा नाही. प्रश्न इंग्रजीत वाचावा, पण तो मनाशी मराठीत एका वाक्यात सांगून पाहावा. नेमके काय विचारले आहे हे स्वतःच्या भाषेत सांगता आले नाही, तर विधानांकडे वळण्यात अर्थ नाही. बेळगाव व कोल्हापूर येथील वर्गांना जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी दोघा-तिघांचा गट करून दररोज पाच प्रश्न घ्यावेत. एकाने विधान पुरेसे आहे असे म्हणावे व दुसऱ्याने ते अपुरे ठरविण्यासाठी दोन उदाहरणे शोधावीत. खर्च काहीही नाही. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाच्या बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात व चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो, तेव्हा अंदाजाने खूण करण्याची सवय या सरावातच मोडली तर बरे. जीमॅटमध्ये निराळा हिशेब असतो. तेथे प्रश्न सोडून पुढे जाण्यापेक्षा पर्याय कमी करीत जाऊन उत्तर देणे श्रेयस्कर. या विभागात पडद्यावर गणकयंत्र मिळते, परंतु ज्यास ते वारंवार उघडावे लागते त्याने प्रश्न समजून घेतलेला नसण्याचाच संभव अधिक.

सरावासाठी तीन प्रश्न खाली देत आहोत. उत्तर वाचण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नास दोन मिनिटे द्यावीत.

दोन ट्रॅक्टर मिळून एक शेत किती तासांत नांगरतील? पहिले विधान: पहिला ट्रॅक्टर एकटा ते शेत ६ तासांत नांगरतो. दुसरे विधान: दुसऱ्या ट्रॅक्टरचा नांगरण्याचा वेग पहिल्याच्या दुप्पट आहे.

एक मनुष्य मोटारसायकलवरून बाजारास गेला व त्याच रस्त्याने परत आला. संपूर्ण प्रवासातील त्याचा सरासरी वेग किती? पहिले विधान: जाताना वेग ताशी ३० किलोमीटर व येताना ताशी ६० किलोमीटर होता. दुसरे विधान: जाण्यायेण्याचे मिळून अंतर ८० किलोमीटर होते.

एका शाळेतील विद्यार्थ्यांची संख्या १५० पेक्षा कमी आहे. ती किती? पहिले विधान: विद्यार्थ्यांच्या बारा-बाराच्या रांगा केल्यास कोणी उरत नाही. दुसरे विधान: सात-सातच्या रांगा केल्यास ३ विद्यार्थी उरतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘इ’. दुसरा ट्रॅक्टर एकटा ३ तास घेतो, दोघे मिळून २ तासांत काम संपवितात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अ’. अंतर कितीही असो, सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरच येतो, ४५ नव्हे. प्रत्येकी ६० किलोमीटर धरून जाण्यास २ तास व येण्यास १ तास असा हिशेब करून पाहावा. तिसऱ्याचे उत्तर ‘उ’, कारण २४ व १०८ या दोन्ही संख्या दोन्ही अटींत बसतात. प्रश्नात १५० च्या जागी १०० असे असते, तर उत्तर ‘इ’ झाले असते.